नातेवाइकांनी नकार दिल्यास

आमच्या सरांचा एकच नियम होता. ब्लॉगवर जे लिहाल त्याची लिंक द्यायची. लिंक नसेल तर ती माहिती नव्हे, गप्पा. बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला दोघादोघांनी मिळून शहरातल्या एका प्रश्नावर ब्लॉग काढायचा होता. मी आणि सौरवनं नागपूरचा उन्हाळा घेतला. सौरवला तो विषय सोपा वाटला. मला त्यात माझे बाबा घालायचे होते.

माझे बाबा गांधीबागेतून इतवारीत कापडाच्या गाठींचा हातठेला ओढायचे. आजोबांच्या घरी माग होता, बाबांच्या वाट्याला ठेला आला. गेल्या मे महिन्यात भर दुपारी ते ठेल्याशेजारीच कोसळले. दवाखान्यात पोचले तेव्हा अंग तव्यासारखं तापलेलं होतं. कागदावर आलं, हृदय बंद पडून मृत्यू. हृदय तर सगळ्यांचंच बंद पडतं, त्याशिवाय कोणी मरतं का? मला एवढंच हवं होतं, की चार लोक वाचतील अशा एखाद्या जागी लिहिलेलं असावं, श्रीधर नावाच्या माणसाला उन्हानं मारलं.

आम्ही दोघं शोधायला बसलो तर जिकडेतिकडे एकच वाक्य. ‘गेल्या उन्हाळ्यात शहरात उष्माघाताने एकही मृत्यू झाला नाही.’ एका ब्लॉगनं ते दुसऱ्याकडून उचललेलं, दुसऱ्यानं तिसऱ्याकडून, आणि तिसऱ्याची लिंक दाबली की परत पहिलाच ब्लॉग उघडायचा. वर्गातल्या बाकीच्यांनीही तेच डकवून मोकळं व्हायचं ठरवलं होतं. मी तणतणत सरांकडे गेले.

सर म्हणाले, "बरोबर आहे तुझं, ते वाक्य कच्चं आहे. पण त्याला लिंक तरी आहे."

"आणि माझे बाबा?"

"मला खरंच वाईट वाटतं उन्नती. पण बाबांची लिंक कुठे आहे?"

सर वाईट माणूस नव्हेत. म्हणूनच तर जास्त संताप आला. वाईट माणसाला निदान मनातल्या मनात शिव्या तरी देता येतात.

मग मी हट्टालाच पेटले. उन्हानं मेलेला माणूस मोजतात तरी कसा, हेच शोधायला लागले. सौरव म्हणाला, "काहून डोकं फोडून राहिली? मार्क तर मिळूनच जातीन." मी त्याच्याकडे लक्ष दिलं नाही. शेवटी एका डॉक्टरांचा ब्लॉग सापडला. त्यांनी साध्या मराठीत लिहिलं होतं, की घरी नेण्याच्या घाईत लोक पोस्टमार्टमला नाही म्हणतात, आणि तपासणीच झाली नाही की उष्माघात सिद्ध होत नाही. मग दुसरं कुठलं तरी कारण लिहिलं जातं.

मला सोनंच सापडलं. मी बाबांविषयी एक परिच्छेद लिहिला आणि त्याखाली ठासून लिहिलं, ‘नातेवाइकांनी पोस्टमार्टमला नकार दिल्यास असे मृत्यू मोजले जात नाहीत, म्हणून आकडा शून्य दिसतो.’ खाली डॉक्टरांची लिंक. सर म्हणाले, "आता झाला हा अभ्यास." सौरवनं ब्लॉग सगळीकडे पाठवला. आमच्या नात्यातल्या ग्रुपवर मामांनी तो टाकला आणि सगळ्यांनी हात जोडलेली, टाळ्यांची चित्रं पाठवली. मी दिवसभर एखादा खटला जिंकल्यासारखी हिंडत होते.

संध्याकाळी घरी आले तेव्हा आई मांडीवर साडी घेऊन बसली होती. गांधीबागेतल्या दुकानांच्या साड्यांना फॉल लावायचं काम ती करते. सुई साडीत तशीच खोचलेली होती आणि हातात फोन होता. आई सातवी शिकलेली आहे. हळू वाचते, पण एक अक्षर सोडत नाही.

"हे तू लिवलं का वं?"

"हो. आवडलं?"

"चांगलं लिवलं. त्यायचं नावही टाकलं." तिनं त्या ओळीवर बोट ठेवलं. "हे नातेवाईक म्हणजे कोण?"

"कोणीही गं. सगळ्यांचंच सांगितलंय."

"आपल्याकडून त मीच होती."

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. डॉक्टरांनी विचारलं होतं, तेव्हा आईनंच हात जोडले होते. आधीच होरपळून आले ते, आता कापाकापी नका करू जी, असं ती म्हणाली होती. मामांनी मान डोलावली, मीही डोलावली. आपल्या माणसाला फाडू द्यायचं नाही, हीच आमच्याकडे शेवटची माया. आणि मी शहाणी, तीच माया लिंकसकट चव्हाट्यावर मांडून आले होते. आपलेच दात आणि आपलेच ओठ.

"आई, तुझी काय चूक? तुला कुठे माहीत होतं?"

"मले कोणी सांगतलं काहून नाही? मले वाटलं, आता तरी त्यायले कोणी त्रास देऊ नये." तिचा आवाज अगदी साधा होता, भाजीचा भाव विचारावा तसा. "आता नाही होत का ते?"

"काय?"

"तेच, पोस्टमार्टम."

बाबांची राखसुद्धा आम्ही कधीच नदीत सोडली होती. हे तिलाही माहीत होतं, अस्थींचं मडकं तिनंच मांडीवर धरलं होतं. तरी ती उत्तराची वाट बघत बसली होती.

"नाही होत आई."

"म्हणजे मीच पुसलं त्यायले."

मी तिला जवळ घ्यायला गेले तर तिनं मला हातानं बाजूला सारलं. माझ्या आईनं आयुष्यात मला असं कधी सारलं नव्हतं. मी फोन उघडला आणि ते वाक्य काढून टाकलं. वाक्य गेलं तशी लिंक गेली. लिंक गेल्यावर वरच्या परिच्छेदाला आधार उरला नाही, म्हणून सरांच्या नियमानं तोही काढला. बाबा ब्लॉगवर सकाळपासून संध्याकाळपर्यंत होते, तेवढेच. मला रडू फुटलं, आणि त्या रडण्याचाही राग आला.

आई शेजारून सगळं बघत होती.

"आता काय राहिलं त्यात?" तिनं विचारलं.

सौरवनं लिहिलेलं तेवढं उरलं होतं. मी वाचून दाखवलं, "दुपारी बारा ते चार घराबाहेर पडू नये."