सहाशे बारा जणांना आवतण

माझ्याकडे सहाशे बारा लोकांचे ईमेल पत्ते होते आणि त्यांतल्या दोघांनीच आजवर पैसे देऊन तांदूळ घेतला होता. त्या दोघांतली एक माझी मावशी. मावशीला ग्राहक म्हणायचं की नाही यावरून माझं आणि आईचं रोज वाजायचं. आई म्हणायची, "तिनं पैसे देल्ले ना? मंग मोज तिले." माझं म्हणणं, मावशीनं तांदूळ घेतलाच नाही, तिनं माझ्या फोनपासून सुटका विकत घेतली.

आमचं गाव गोंदियाजवळच्या बिरसीच्या पलीकडे. तिथल्या विमानतळावरची शिकाऊ विमानं दिवसभर आमच्या बांध्यांवरून, म्हणजे धानाच्या वाफ्यांवरून, घिरट्या घालतात आणि खाली आम्ही धान लावतो. सगळ्या गावात ठोकळ, म्हणजे जाडा तांदूळ. आमच्या घरी मात्र दोन वर्षांपासून दोन एकरांत चिन्नोर, कारण मी हट्ट धरला. चिन्नोर बारीक, बुटका, आणि वासाचा असा की आमच्या चुलीवर चढला की शेजारीण काही ना काही मागायला येतेच. पण पीक निम्मं. तो गिरणीवाल्याला ठोकळच्या भावात द्यायचा म्हणजे वेडेपणा. म्हणून मी वेबसाइट काढली आणि 'भात मोकळा होत नाही?' नावाचं सोळा पानी पुस्तक लिहून फुकट ठेवलं. ईमेल द्या, पुस्तक घ्या. फुकट म्हटल्यावर लोक धावत आले. पुस्तक घेतलं, वाचलं, काहींनी तर माझ्या चुकाही काढल्या. तांदूळ कोणी घेईना.

दिवाळी झाली आणि बाबांनी, म्हणजे देवाजींनी, मला ओसरीवर बसवून शांतपणे सांगितलं. बाबा चिडले की मला भीती वाटत नाही, शांत झाले की वाटते.

"पोरी, चिन्नोरचं बियानं आपलं आपनच ठेवा लागते. मळनीच्या वक्ती नाही ठेवलं त खेल खतम. मंडईवरी चाळीस गिऱ्हाइकं दाखव. चाळीस झाले त बियानं ठेवतो. नाही झाले त पुढच्या साली सगळं ठोकळ, आन तू जा नागपूरले, नोकरी पाह्य."

मी ऐटीत हो म्हटलं. मंडईला तेव्हा महिना होता, आणि महिना हातात असला की मी कशालाही हो म्हणते.

मंडई म्हणजे आमच्या झाडीपट्टीतला सगळ्यांत मोठा सण. दिवाळीनंतर एकेका गावाची ठरते. दिवसा दुकानं, दंडारीचा नाच, ढोल, रात्री नाटक, आणि घराघरात एवढे पाहुणे की घरच्या माणसांनाच बसायला जागा नसते. कोणाला आवतण द्यायचं राहिलं तर तो माणूस वर्षभर तोंड फिरवून जातो. पुढचं सगळं या एका गोष्टीवरून झालं, म्हणून सांगून ठेवते.

तर मी कामाला लागले. सहा महिन्यांपूर्वीच मोबाइलवर एक शिकवणी लावली होती आणि तेव्हापासून पत्रं चालू होती. पांढऱ्याशुभ्र शर्टातला माणूस त्यात सांगायचा: आधी द्या, मग विश्वास मिळवा, मग मागा. मी दिलं. भाताच्या सात तऱ्हा दिल्या, पेजेची कृती दिली, पाण्याचं प्रमाण दिलं. पत्राची सुरुवात 'प्रिय अन्नप्रेमी' अशी. आईनं ते वाचलं आणि विचारलं, "अन्नप्रेमी कोन व? जेवते त्याले जेवनारा म्हन ना." दर मंगळवारी पत्र तयार झालं की 'पाठवा'चं बटण मी बाबांना दाबायला लावायची. गावात पेरणीची पहिली मूठ लोक त्यांच्याच हातानं टाकून घेतात, त्यांच्या हाताला यश आहे म्हणून. माझ्या पत्रांना तेवढं यश लागू पडत नव्हतं.

एका पत्रात मी सवलत ठेवली आणि वर लाल अक्षरांत लिहिलं, 'शेवटचे चोवीस तास!' खाली उलटं फिरणारं घड्याळ. बाबांचं बोट बटणावरच थांबलं.

"चोवीस तासानं तांदूळ कुजते का?"

"नाही बाबा. पण लोकाइले घाई वाटली पायजे."

"कायले?"

मी त्यांच्या बोटावर माझं बोट ठेवलं. बटण दाबलं गेलं. चोवीस तास संपले. अठ्ठेचाळीस झाले. पुण्याच्या एका बाईनं तेवढं कळवलं की घड्याळ उलटं फिरताना बघून तिला धडधडतं, कृपया असं करू नका.

मंडईला बारा दिवस उरले. ग्राहक दोनच, मावशी धरून. मी पिशव्यांवर नाव छापून आणायला गोंदियाला गेले. दोन ग्राहकांसाठी दोनशे पिशव्या! आशा सुटली की माणूस असलेच उद्योग करतो. परतीच्या आटोत बसले आणि फोन थरथरू लागला. एकदा. परत. मग थांबेचना. शेजारी बसलेली बाई म्हणाली, "दीदी, किसी का कुछ हो गया क्या?" मी उघडून पाहिलं. पहिलं उत्तर नाशिकहून: 'देवाजीकाका, मुलीची परीक्षा आहे हो, नाहीतर नक्की आलो असतो.' दुसरं: 'काका, गुडघ्याचं ऑपरेशन झालंय.' तिसरं थेट मस्कतहून: 'रजा मिळत नाही. डोळ्यांत पाणी आलं.'

देवाजीकाका? मी पाठवलेल्या पत्रांची यादी उघडली. सकाळी अकरा वाजता, सहाशे बारा जणांना, हे गेलं होतं:

'जय भीम, नमस्कार. मी रंजिताचा बाप देवाजी. तुमचं नाव आमच्या घरी हाय. घरी नाव असलेल्या मानसाले मंडईचं आवतन न देनं बरं दिसत नाही. पुढच्या रविवारी आमच्या गावची मंडई हाय. लेकरंबाळं घेऊन या. गोंदियाले उतरा, बिरसीकडचा आटो धरा, गावात कोनालेही देवाजीचं घर विचारा. जेवाले चिन्नोरचा भात हाय. नाटक हाय. गाद्या हायेत. येनं जमत नसन त कायले जमत नाही ते कळवा, मंजे भात किती टाकाचा ते समजते.'

संपलं. ना दुकानाची लिंक, ना सवलत, ना 'आत्ताच घ्या'चं बटण. एवढ्या मेहनतीनं जमवलेले पत्ते आणि माझ्या बापानं त्यांना गाद्या देऊ केल्या होत्या. मी आटोतून उतरून पळतच घरी आले.

"बाबा, हे काय करून ठेवलं तुमी?"

बाबा खाटेवर बसून लॅपटॉपवर एका बोटानं टाइप करत होते. मान वर न करता म्हणाले, "थांब. नाशिकच्या बाईले लिहून राहिलो."

"ते गिऱ्हाईक हायेत बाबा! पाव्हने नाही!"

"गिऱ्हाईक कुठचे? घेतलं काय त्याइनं काही?"

स्वयंपाकघरातून आई खो खो हसली. तिचं नाव दुर्गा आहे आणि ते तिला शोभतं, कारण घरातली प्रत्येक लढाई तीच जिंकते, बहुतेक वेळा हसून.

आणि मग गंमत सुरू झाली. लोक उत्तरं देत सुटले! माझ्या सात तऱ्हांना सहा महिन्यांत चार उत्तरं आली होती. बाबांनी 'कायले जमत नाही ते कळवा' म्हटलं आणि दोन दिवसांत दीडशेच्या वर लोकांनी आपापली कारणं लिहून पाठवली. कोणाची सासू आजारी, कोणाच्या कुत्र्याला सांभाळणारं कोणी नाही. एकानं लिहिलं, 'बायको म्हणते ओळख ना पाळख, कसं जायचं? पण मला यायचंय.' कोणी जय भीम लिहिलं, कोणी राम राम, एकानं सलाम. बाबा प्रत्येकाला उत्तर देत होते. सकाळी गुरांचं आटोपलं की खाट, लॅपटॉप आणि एक बोट. मला जवळ फिरकू देत नव्हते. "आवतन म्या देल्लं, जबाब मीच देईन."

आणि पत्रांच्या शेवटी लोक आपणहून विचारायला लागले: 'यायला जमत नाही, निदान तो तांदूळ तरी पाठवता का? कुठे मिळतो?' कुठे मिळतो! अहो, सहा महिने तेच तर ओरडून सांगत होते मी! पण रागवायला वेळ नव्हता. मी अशा प्रत्येकाला लिंक धाडत होते आणि वेबसाइट टिंग करत होती. बुधवारी नऊ. शुक्रवारी सतरा. आई पिशव्या भरत होती, मी त्यांची तोंडं शिवत होते, एका विमानानं छपरावरून गिरकी घेतली तर मी त्यालाही हात केला. मस्कतवाल्यानं नागपुरातल्या आपल्या आईच्या नावानं मागवला. धडधडणाऱ्या पुण्याच्या बाईनं दहा किलो घेतला. मला जेवण सुचत नव्हतं, उगाच हसू येत होतं.

मंडईच्या आदल्या दिवशी आकडा चौतीसवर आला आणि तिथेच बसला. मावशी धरून.

रविवारी सकाळपासून ढोल वाजत होते आणि मी फोन हातात घेऊन दारात उभी होते. तेवढ्यात पाहुणे यायला लागले. आमच्या नातेवाइकांत मिसळून, सहाशे बारांतले अकरा जण. नागपूरचे बँकेतून निवृत्त झालेले केशोराव आणि त्यांची बायको गीताबाई, मोठी बॅग घेऊन. भिलाईचं एक पाच जणांचं कुटुंब. विमान शिकणारी तीन पोरं, जी हॉस्टेलच्या खोलीत भात शिजवायला म्हणून माझं पुस्तक घेऊन बसली होती आणि आमच्यापासून हाकेच्या अंतरावर राहत होती. आणि पुण्याची अंजू, एकटी; धडधडणारी बाई ती वेगळी. रात्रभर, दिवसभर गाडीत बसून आली होती. का आलीस, विचारलं तर म्हणाली, "तीन वर्षांत मला कोणी कुठे बोलावलंच नव्हतं."

मी मनात हिशेब केला. केशोराव एक, भिलाई एक, अंजू एक, पोरं तीन. सहा! मला सहाच हवे होते. चिन्नोरचा भात वाढला गेला, वर कोंबडीचा रस्सा, आणि पंगत भातावर तुटून पडली. केशोरावांनी तिसऱ्यांदा भात घेतला आणि खिशातून फोन काढला. "देवाजीभाऊ, दर महिन्याला दहा किलो पाहिजे आम्हाला. कुठं पैसे भरायचे?"

माझा हात आपोआप पुढे झाला. बाबांनी तो तिथल्या तिथे दाबला.

"काऊन जी," ते केशोरावांना म्हणाले, "हाटेल वाटलं का आमचं घर?"

"तसं नव्हे हो, विकत..."

"मंडईले आलेल्या पाव्हन्याले आमी विकत नाही. दुर्गा, पाव्हन्याइची गाठोडी बांध."

आणि आईनं बांधली! माझ्या छापून आणलेल्या पिशव्यांत, एकेकाला पाच-पाच किलो, फुकट. केशोरावांना, भिलाईला, अंजूला, तिन्ही पोरांना. माझे सहाच्या सहा ग्राहक माझ्याच दारात, माझ्याच पिशव्या काखेत घेऊन हसत उभे राहिले. आज तरी यांतलं कोणी तांदूळ विकत घेणार नव्हतं. मी मागच्या अंगणात गेले आणि कोणी पाहत नाही बघून रडले. दोन वर्षांचं चिन्नोर, सोळा पानं, सगळी पत्रं. सहानं गेलं.

हात धुवायला बाबा तिकडेच आले. लपवून उपयोग नव्हता. मंडईचा दिवस ठरला होता, आणि खोटं बोलणं माझ्या अंगात नाही.

"बाबा, चौतीस झाले."

"काय चौतीस?"

"गिऱ्हाइकं. चाळीस सांगतले होते तुमी. नाही झाले. मी नागपूरले जातो मनून कबूल केलं होतं ना." 'जाते'चं 'जातो' झालं, बाबांसारखं; रडताना माझं असंच होतं.

बाबांनी हात झटकले. "कवा?" ते विसरले होते. माझा विश्वास बसत नव्हता, पण महिनाभर मला झोप नाही आणि हा माणूस चक्क विसरला होता.

"आन बियानं?" मी विचारलं.

"बियानं त ठेवाच लागन," ते वैतागून म्हणाले. "मी एकशे अठ्ठ्याहत्तर लोकाइले लिहून बसलो ना. या साली जमत नाही त पुढच्या मंडईले या, चिन्नोरचा भात खाऊ घालतो. एकेकाले नाव घेऊन लिहिलं. ते आले आन ठोकळ वाढला त तोंड दाखवाले जागा राहीन का मले?"

मी तो आकडा मनात मांडून पाहिला. मग इतकं हसू आलं की भिंत धरावी लागली. रडणं तसंच चालू होतं, त्यात हसू. मी बाबांच्या गळ्यात पडले. मोठी झाल्यापासून कधी पडले नव्हते, त्यांना काय करावं कळेना, ते ओल्या हातानं माझ्या डोक्यावर थापट्या मारत राहिले.

"बाबा, एकशे अठ्ठ्याहत्तर आन हे चौतीस. दोन एकरात पुरत नाही."

"मंग वरची बांधीबी घे," बाबा म्हणाले आणि पाहुण्यांच्या चहाचं बघायला आत गेले.