फूटभराचा फरक

लटारू मिस्त्रीने चौथी खुंटी ठोकली, सुतळी ताणून गाठ मारली आणि कंबरेवर हात ठेवून उभा राहिला. लांबी वीस फूट, रुंदी पंधरा. मूल गावाच्या कडेला लेकीच्या, दिव्यानीच्या, घरकुलाची आखणी चालली होती. जावई राइस मिलवर गेलेला, त्यामुळे हाताखाली तीच होती.

"झालं ना बाबा? फक्की टाकू?" तिने चुन्याच्या टोपल्याला हात घातला.

"थांब. अजून एक माप घ्याचं हाये."

त्याने टेपचे टोक तिच्या हाती दिले. कुठल्या खुंटीवर धरायचे ते सांगायला तोंड उघडले, तोवर ती जवळच्या खुंट्या सोडून थेट तिरप्या कोपऱ्यावर जाऊन बसली होती.

एकवीस वर्षांपूर्वी त्याने स्वतःच्या घराची अशीच आखणी केली होती. मिस्त्री म्हणून गावात नाव होते, आणि नावापेक्षा ताठा मोठा. समोरची सुतळी त्याने रस्त्याला धरून बांधली, बाजूची शेजारच्या पोचूच्या भिंतीला धरून. कोपरा काटकोनात आहे का ते बघायला गुन्या लावायची तसदी घेतली नाही. पोचूची भिंत बापजाद्यांची, ती काय वाकडी असणार? समोरासमोरच्या बाजू मोजल्या, सारख्या भरल्या.

टेपचे दुसरे टोक धरून आठवीतली दिव्यानी उभी होती.

"बाबा, कर्ण बी मोजा ना. बाजू सारख्या असल्या तरी चौकोन तिरपा राहू शकते. दोन्ही कर्ण सारखे आले, तं मंग कोपरे काटकोनात."

चार माणसे बघत होती. "तुले का समजते?" लटारू खेकसला. "आठवी शिकली तं बापाले शिकवते?"

माणसे हसली. पोरीने टेप खाली ठेवली आणि निघून गेली.

भिंती उठल्या. पत्रे टाकायच्या दिवशी एका कोपऱ्यात पत्रा वीतभर बाहेर आला, दुसऱ्या कोपऱ्यात भिंत उघडी पडली. सगळे जेवायला गेल्यावर लटारूने टेपचे टोक दगडाखाली दाबले आणि एकट्याने दोन्ही कर्ण मोजले. एक साडेतीस फूट, दुसरा साडेएकोणतीस. लोकांना त्याने सांगितले, पत्रेच खराब निघाले. लेकीपुढे मात्र मूग गिळून बसला.

दहावीनंतर ती म्हणाली, मले नाई शिकाचं. गणितात शाळेत पहिली आलेली पोर, पण बापाने एका शब्दाने काऊन म्हणून विचारले नाही. उलट आता चूक दाखवणारे कोणी उरले नाही म्हणून सुटल्यासारखे वाटले त्याला. त्याची लाज त्याला अजून वाटते. घरातले कपाट आजही भिंतीला नीट टेकत नाही. एका बाजूने फट राहते, आणि दारातून आत आले की त्याची नजर आधी तिथे जाते.

"किती?" दिव्यानीने विचारले.

"पंचवीस."

दोघांनी कोपरे बदलले. दुसराही पंचवीस भरला, सूतभरही इकडे तिकडे नाही. लटारूने टेप सोडली नाही.

"पोरी, आपल्या घराचं तू बरोबर सांगत होती. मी मोजलं होतं मंग. फूटभराचा फरक होता."

ती खुंटीवरची माती झटकत राहिली.

"मले मालूम हाये, बाबा. त्या दिवशी तुम्हाले जेवाले बलवाले आली होती मी. तुम्ही मोजून राह्यले होते. पाह्यलं दारातून, अन् तशीच वापस गेली."

"मंग बोलली काऊन नाई?"

"तुम्हीच सांगान म्हणून." तिच्या आवाजात राग नव्हता. तेच त्याला जास्त लागले. "दहावीपर्यंत वाट पाह्यली मी."

तिने टेपचे टोक सोडले. ते मातीवरून सरपटत लटारूच्या हाताशी आले. त्याने टेप खिशात घातली.

दिव्यानीने टोपल्यातून मूठभर फक्की घेतली, सुतळीवर वाकली आणि तशीच थांबली. मुठीतून चुना थोडा थोडा गळत होता. ती कशासाठी थांबली आहे, हे लटारूला जरा उशिराच कळले.

"टाक," तो म्हणाला.