वॉलच्या नावाची कबर

“अगं, तिकडं नको बसूस, वॉलचं डोकं आहे तिथं,” डल्सी म्हणाली.

हिच्या झिंज्या उपटाव्यात, असं ऊनाला वाटलं.

युद्धाच्या शेवटच्या वर्षी बोवेनच्या खाडीतून उडालेलं समुद्री विमान नऊ माणसांसकट बेपत्ता झालं होतं. अकराव्या दिवशी एकच प्रेत किनाऱ्याला लागलं. चेहरा ओळखण्यापलीकडे गेला होता, पण अंगात डल्सीनं नवऱ्यासाठी, वॉलसाठी, विणलेला हिरवा स्वेटर होता. म्हणून कबर डल्सीच्या वाट्याला आली आणि बाकीच्या आठ घरांना नुसत्या तारा. ऊना इस्पितळाच्या धुलाईघरात दिवसभर चादरी उकळायची आणि मनात डल्सीचा हेवा करायची. नवरा तर दोघींचाही गेला होता. पण डल्सीला दर रविवारी जायला जागा होती. फुलं न्यायची, दगड पुसायचा, वर ऊनाला आग्रहानं सोबत बोलवायचं! चार वर्षं ऊना जात होती आणि जळफळत परत येत होती.

आज मात्र ती रिकाम्या हातानं आली नव्हती. विमानापर्यंत माणसांना होडीतून पोचवणारा पर्स नावाचा म्हातारा पाय मोडून इस्पितळात पडला होता. शुक्रवारी ऊना चादर बदलत असताना तो सहज बोलून गेला, “तुझा क्लेम त्या दिवशी तापानं नुसता लटलटत होता बघ. वॉलनं आपला स्वेटर काढून त्याच्या अंगात चढवला, माझ्याच होडीत! वर म्हणतो कसा, परत दे रे बाबा, नाहीतर बायको मला घरात घ्यायची नाही.”

ते बोलणं ऊनानं रविवारपर्यंत मनात जपून ठेवलं होतं.

“डल्सी, इथं वॉल नाहीये,” ती म्हणाली, आणि पर्सचं बोलणं तिनं जसंच्या तसं सांगितलं.

डल्सीनं फुलं खाली ठेवली.

“ठाऊक आहे मला.”

“काय?”

“बाह्या बोटांच्या खाली लोंबत होत्या गं. वॉलला मनगटापर्यंत यायच्या. नऊ जणांत एवढा बुटका एकच होता.”

“आणि तू गप्प बसलीस? मला शेजारी बसवून?”

“डॉक्टरनं विचारलं, तुमचाच ना हा? तोंडातून हो निघून गेलं. मग मागं घेववेना. तुला आणत होते ती त्याचसाठी... तेवढं तरी.” डल्सीनं नाक पुसलं. “उद्या कचेरीत सांग जा. दगड बदलतील. मी आडवी येणार नाही.”

“चोरटी आहेस तू, डल्सी.”

“आहे.”

डल्सी कबरीकडं बघत होती. त्या बघण्यातला हावरेपणा ऊनाच्या चांगल्याच ओळखीचा होता. दगड बदलला की हिनं जायचं कुठं? किनाऱ्यावर उभं राहून एवढ्या मोठ्या पाण्यात नेमकं कुठं बघायचं, तेही कळत नाही. ऊनाला तिची कीव आली, आणि कीव आली म्हणून स्वतःचाच राग आला.

“नाव राहू दे त्याचं,” ती शेवटी म्हणाली. “पण रविवार माझा. तू बुधवारी येत जा.”

डल्सी मान हलवून उठली आणि फाटक लावून गेली. ऊना दगडापाशी सरकली. आसपास कुणी नाही हे तिनं बघून घेतलं.

“मेल्या,” ती म्हणाली, “एवढा ताप होता तर मला बरा आहे म्हणून का सांगितलंस?”