संत सार्किसची खारट पोळी

पोळी मीच केली होती, आणि मीठही मीच घातलं होतं, चांगलं मूठभर. संत सार्किसच्या सणाच्या आदल्या संध्याकाळी आमच्यातल्या लग्नाच्या मुली ती खारट पोळी खातात आणि पाण्याचा थेंबही न घेता झोपतात. स्वप्नात जो पाणी देईल तो नवरा. आता कलकत्त्यातल्या कुठल्या आर्मेनियन घरात हे कुणी खरं धरतं? घरच्यांनी ठरवलेल्या मुलाचं नाव सकाळी लाजत घ्यायचं, की झालं.

यंदा माझ्या भाचीसाठी नाव ठरलेलं होतं, गॅस्पर. रंगूनला लाकडाची वखार, वय चाळिशीकडे झुकलेलं, पण माणूस सरळ. माझ्या भावाने, मॅकर्टिचने, त्याला मुद्दाम बोलावून घेतलं होतं. संध्याकाळच्या बोटीने तो होकार घेऊनच परतणार होता.

नाश्त्याला सगळे बसलो. मॅकर्टिचने लेकीला विचारलं, मग, कुणी दिलं पाणी?

"निरुपमने," सातेनिक म्हणाली.

निरुपम म्हणजे समोरच्या घरातला तरुण डॉक्टर. भावाच्या दम्यासाठी येतो-जातो. आमच्याकडचा खिमा भरलेला दोलमा बोटं चाटत खातो आणि घरी जाऊन आईसमोर गंगाजलाने चूळ भरतो. त्या बाई आमच्या हातचं पाणीसुद्धा घेत नाहीत. पिढ्यान्‌पिढ्या आम्ही इथे आहोत, धंदा, दोस्ती, भांडणं सगळी बंगाल्यांशीच, पण लग्नाची गोष्ट निघाली की दोन्हीकडची दारं बंद. हे दोघं गच्चीवरून बोलतात हे मला ठाऊक होतं. इतकं पुढे गेलंय हे मात्र नव्हतं.

मॅकर्टिच आधी हसला, मग लाल झाला. स्वप्नं काय, कुणालाही काहीही पडतात, म्हणाला, आणि स्वतः पेला भरून तिच्यापुढे धरला. तिने घेतला नाही. ज्याने स्वप्नात दिलं त्याच्याच हातून घेईन, म्हणाली. बापाने आवाज चढवला, तिने ओठ मिटून घेतले. बापाचाच हट्ट उचललाय कार्टीने, दुसरं काय.

दुपार झाली तरी तेच. ओठांना भेगा पडल्या, जीभ टाळूला चिकटून शब्द फुटेना. मी विनवलं, रागावले, शेवटी हात जोडले. गॅस्परने एकदाच पेला पुढे केला आणि तिने मान हलवल्यावर निमूट खाली ठेवला. त्या क्षणी मला तो आवडला, आणि त्याचा रागही आला. मग सातेनिक खुर्चीतून उठायला गेली आणि भोवळ येऊन कोसळली.

"घाल टोपी आणि जा," मी भावाला म्हटलं. "पोरगी मेल्यावर कुणाला देणारेस, रंगूनला की समोर?"

तो गेला. जन्मात कुणापुढे न वाकलेला माझा भाऊ. निरुपमला घेऊन आला तो जिना चढता चढता सगळं सांगतच: पोळी, स्वप्न, सकाळपासूनचा हट्ट. तू पाणी दिलंस तर मी नाही म्हणणार नाही, असंही म्हणाला. मी वरच्या कठड्याशी उभी होते, या कानांनी ऐकलं.

सातेनिकला आम्ही कोचावर उशीला टेकवून बसवलं होतं. निरुपमला पाहून तिचा चेहरा असा उजळला की मला बघवेना. त्याने नाडी पाहिली, पापण्या ओढून पाहिल्या. मग पेला उचलला. समोरच्या खिडकीत त्याची आई येऊन उभी राहिली होती, आणि त्याने तिकडे पाहिलं. मी, मॅकर्टिच, गॅस्पर, तिघंही श्वास रोखून होतो.

"घ्या," तो म्हणाला. तिला कधी अहोजाहो न करणारा. "रोग्याला पाणी देणं हे डॉक्टरचं कामच आहे. यात दुसरं काही धरू नका."

मला वाटलं, तो पेला हिसकावून घ्यावा आणि त्याच्याच तोंडावर रिकामा करावा.

सातेनिकने पेला घेतला. त्याच्याकडे बघत बघत सगळं पाणी प्यायली. मग पालथ्या हाताने तोंड पुसलं.

"पापा," ती म्हणाली, "डॉक्टरांची फी द्या."

मॅकर्टिचने पाकीट काढलं. आणि त्या माणसाने ती घेतली.