सूनबाईने आजोबांना धुतले

मित्रांनो, मी धुण्याचा एक जुना दगड आहे. मागच्या अंगणात, नळाखाली बसलेला. पाथरवटाने छिन्नीने माझे कोपरे मोडले आणि मला इथे आणून टेकवले, तेव्हा या घरच्या सासूबाई स्वतःच नव्या नवरी होत्या. लेकाच्या लंगोटांपासून त्याच्या ऑफिसच्या शर्टांपर्यंत सगळे त्यांनी माझ्यावर आपटले. "असा दगड मिळायला नशीब लागतं," असे त्या शेजारणींना सांगत. ऐकून मला फुलून यावेसे वाटे, पण दगडाला ते कसे जमणार?

पुढे लेकाचे लग्न झाले. सूनबाई दूरच्या मुलखातली, वेगळ्या भाषेची, पेशाने नर्स. तिच्या भाषेत दात, केस, भांडी, माणूस, सगळ्यांसाठी 'धुणे' हा एकच शब्द. आपल्याकडे दात घासतात, ताट विसळतात आणि माणसाला धुतात ते मारताना नाहीतर फैलावर घेताना. हे तिला कोण सांगणार?

दवाखान्यात नोकरीला लागून तिला पंधरा दिवस झाले होते. तिथे दाखल असलेल्या एका आजोबांची मुलगी त्यांना भेटायला आली. सूनबाईने हसून सांगितले, "काळजी करू नका ताई, सकाळीच मी तुमच्या बाबांना चांगलं धुतलं."

त्या ताईंनी दवाखाना डोक्यावर घेतला. महिन्याभरात बोलणे सुधारले नाही तर नोकरीची आशा सोड, असे मोठ्या सिस्टरांनी सूनबाईला बजावले.

घरी येऊन ती माझ्या काठावर बसून रडली. सासूबाईंनी सगळे विचारून घेतले. आधी त्यांना हसू आवरेना. मग त्यांनी बाह्या सरसावल्या. दुसऱ्या दिवसापासून बादलीभर कपडे घेऊन दोघी रोज माझ्यापाशी. सासूबाई कपडे आपटत शिकवायच्या. धुवायचे राहिलेले कपडे म्हणजे धुणे, आणि ते धुवायचे काम म्हणजेही धुणेच. जखम धुवायची, पण अंग पुसून द्यायचे. फुटबॉलच्या सामन्यात समोरच्यांना धुतात, तिथे पाणी लागत नाही. संधी मिळाली की काही लोक हात धुऊन घेतात, त्यांना साबण लागत नाही. सूनबाई एकेक वाक्य घोकायची आणि आणखी विचारत राहायची. शेवटी सासूबाई दमून म्हणाल्या, "तू तर हात धुऊन माझ्या मागे लागलीस."

सूनबाईने फेसाळलेले हात पुढे केले. "हो आई, साबणानं."

हसता हसता सासूबाईंच्या हातातला शर्ट गळून पडला.

महिना भरला. मोठ्या सिस्टरांनी तिला त्याच आजोबांच्या खाटेपाशी उभे केले. ताईही तिथे होत्या. आज काय काय केलेस ते यांना सांग, असे सिस्टर म्हणाल्या.

सूनबाई सावकाश बोलली, "बाबांचे दात घासून दिले. पायाची जखम धुतली. अंग कोमट पाण्यानं पुसलं. धुतलं मात्र कुणालाच नाही. मागच्या वेळी ताईंनी मला धुतलं, तेवढं पुरे."

सगळ्यात आधी आजोबा हसले, मग ताई, आणि मग मोठ्या सिस्टरांनाही तोंड फिरवावे लागले. नोकरी पक्की झाली. घरी येताच सूनबाईने हे सारे माझ्यापाशी सासूबाईंना नक्कल करून दाखवले, म्हणून मला ठाऊक.

पुढे सासूबाईंचे गुडघे कुरकुरू लागले आणि घरात धुण्याचे यंत्र आले. दोन वर्षे माझ्याकडे कुणी फिरकले नाही. अंगावर शेवाळ चढले. मग एका रविवारी सूनबाई ब्रश घेऊन आली आणि तिने मला घासूनपुसून लख्ख केले. संध्याकाळी तिच्याच मुलखातल्या तीन नव्या नर्स आल्या. दोघी माझ्यावर टेकल्या, एक पायरीवर. सासूबाई खुर्ची टाकून बसल्या आणि धडा सुरू झाला. आता दर रविवारी असेच चालते.

मित्रांनो, कुणी तुमची भाषा अडखळत बोलले तर खुशाल हसा, पण त्याच्याबरोबर हसा आणि नीट शब्द सांगा. आणि तुमच्या अंगणात माझ्यासारखा एखादा असेल, तर शेवाळ काढून कुणाला तरी तिथे बसवा.