खडूची रेघ

“गेल्या वर्षी तुम्हीच लिहून दिलंय. ‘पायात गोळे आल्यामुळे शर्यत सोडली.’ खाली सही आहे तुमची.” भानोसे सरांनी कागद टेबलावरून पुढे सरकवला. “आम्ही आमच्या मनाचं काही बोलत नाही, सिस्टर.”

विमल गांगुर्डेने कागद पाहिला. सही तिचीच होती. व्यायामशाळेच्या त्या लहानशा ऑफिसात पाच पुरुष खुर्च्यांवर बसले होते. सहावी खुर्ची तिच्यासाठी होती, पण ती उभीच राहिली होती.

शर्यत सुरू होऊन दोनच वर्षं झाली होती. धरणाच्या पाण्यात एक किलोमीटर पोहायचं, अंगावरच्या ओल्या कपड्यांनिशी सायकलवर बसून त्र्यंबक रस्त्याने अंजनेरी फाट्यापर्यंत जाऊन यायचं, आणि वर दहा किलोमीटर पळायचं. नाशिकात असलं खूळ कुणी पाहिलं नव्हतं. गेल्या वर्षी, म्हणजे पंच्याऐंशी साली, बायकांच्या गटात एकच नाव होतं, सरकारी दवाखान्यातल्या नर्सचं. छत्तीस वर्षांची ही बाई लहानपणापासून नदीत पोहलेली. पाण्यातून ती पुरुषांतही चौथी बाहेर आली होती. आणि अंजनेरी फाट्यावर सायकल टाकून मागून येणाऱ्या टेंपोत चढली होती.

“यंदा पाच जणींनी चौकशी केलीय,” भानोसे सर म्हणाले, “पण जबाबदारी आमच्यावर येते. बायकांना एवढं अंतर झेपत नाही, हे आता कागदावरच आहे. बायकांचा गट बंद करावा असं ठरतंय.”

“कागदावर खोटं आहे,” विमल म्हणाली.

“म्हणजे?”

“पायात गोळेबिळे काही आले नव्हते. सीट टोचत होती.”

कोपऱ्यातले एक गृहस्थ हसले. “सीट सगळ्यांनाच टोचते हो, बाई.”

“तुम्हाला टोचते ती जागा वेगळी, मला टोचते ती वेगळी.” विमलचा चेहरा लाल झाला होता, पण आवाज हलला नाही. “मी सुईण आहे. पंधरा वर्षं बाळंतपणं केलीत. बाईच्या ओटीपोटाची हाडं पुरुषापेक्षा रुंद असतात. तुमच्या अरुंद सीटवर ती कडेला लोंबकळतात, आणि सगळा भार पडतो तो मधल्या नाजूक जागेवर. कातडी सोलली होती माझी. रक्त आलं होतं. चार दिवस लघवीला बसताना डोळ्यांत पाणी यायचं. हे तुम्हाला लिहून द्यायची लाज वाटली, म्हणून पायाचं नाव घेतलं. चूक झाली. त्याची शिक्षा त्या पाच जणींना कशाला?”

भानोसे सरांनी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा घातला. माणूस वाईट नव्हता. कवायतीचे मास्तर होते, त्यामुळे पुरावा लागायचा.

“तीन आठवडे देतो,” ते शेवटी म्हणाले. “रविवारी सकाळी पोहून ओल्या कपड्यांत अंजनेरीला जाऊन या. मी टेंपो घेऊन मागं असेन. पुरं केलंत, तर गट राहील. नाही तर हा कागद खरा.”

विमल थेट रंगनाथकाकांच्या सायकल दुकानात गेली. भद्रकालीजवळच्या त्या दुकानात गेली तीस वर्षं काका पंक्चर काढत, चाकं सरळ करत बसलेले होते. गिऱ्हाईक बाई असली तर ते तिच्या सायकलशीच बोलत. आढ्याला एक जुनी हिरवी लेडीज सायकल उलटी टांगलेली असायची. ती विकायची नव्हती.

“काका, सीट बदलायचीय. बसायला बरी अशी द्या.”

“लेडीज सीट हाय की.” त्यांनी पंपाकडे पाहत सांगितलं. “रुंद. स्प्रिंगवाली.”

ती घेऊन विमल सातपूरच्या पुढे जाऊन आली. पुढचा भाग इतका रुंद, की पायडल मारताना मांड्या घासून लाल झाल्या. मग काकांनी फोमचं कव्हर दिलं. मग विमलच्या सासूबाईंनी, सुलाबाईंनी, जुन्या रजईतला कापूस भरून एक गुबगुबीत गादी शिवली आणि वर निळं फूलही काढलं. त्या गादीवर तर दहा किलोमीटरमध्येच सगळं बधिर झालं. मऊ वस्तूत हाडं खाली रुतत होती, आणि मऊ वस्तू नको तिथे वर येत होती. घरी आल्यावर विमलने गादीवरचं फूल पाहिलं आणि हसावं की रडावं ते तिला कळेना.

“किती मऊ केली तरी रडतीस!” सुलाबाई म्हणाल्या. त्या मूळच्या चांदवडकडच्या. “माझा कापूस लय चांगला हाय.”

“कापूस चांगलाच आहे, आत्या. माझी हाडंच कुठं आहेत ते आपल्याला ठाऊक नाही.”

असं म्हणताच ती थांबली. दवाखान्यात बायकांच्या पोटावर हात ठेवून बाळाचं डोकं कुठे आहे ते ती रोज सांगायची, आणि स्वतःची बसायची हाडं तिने कधी मोजली नव्हती.

डब्यात कीड लागलेलं गव्हाचं पीठ होतं. विमलने ते घट्ट मळलं, पाटावर जाड थापलं, वर प्लॅस्टिकचा कागद घातला आणि दार लावून, पदर खोचून त्याच्यावर बसली. गुडघे थोडे वर घेतले, सायकलवर वाकतात तशी वाकली. उठून पाहिलं तर कणकेत दोन खळगे उमटले होते, अगदी स्पष्ट. तिने सुतळी दोन्ही खळग्यांवर आडवी धरली आणि प्रत्येक खळग्याचा मध्य जिथे येतो तिथे एकेक गाठ मारली.

सुलाबाई मागून बघत होत्या. “आता ही कणीक?”

“गाईला घाला.”

“आणि गाईनं विचारलं तर काय सांगू?”

हसून हसून विमलला पाटाचा आधार घ्यावा लागला.

दुसऱ्या दिवशी तिने ती सुतळी रंगनाथकाकांच्या दुकानातल्या एकेका सीटवर धरून पाहिली. पुरुषी सीटवर गाठी कडेच्या बाहेर गेल्या. लेडीज सीटवर नीट बसल्या, पण पुढचं नाक मोठं. शेवटी भंगाराच्या पेटीत, एका पोस्टमनच्या मोडलेल्या सायकलची चामड्याची सीट सापडली. मागे रुंद, पुढे निमुळती, वर्षानुवर्षांच्या बसण्याने गुळगुळीत झालेली. गाठी बरोबर दोन्ही बाजूंच्या चामड्यावर आल्या.

“आता मधे कापा,” विमल म्हणाली.

काकांनी पहिल्यांदाच तिच्याकडे पाहिलं. “चामडं कापलं की सीट मेली, बाई. ताण जातो. फाकंल ती.”

“खालून वादीनं ओढून बांधा. पण मधे जागा मोकळी पाहिजे.”

“नेमकं...” काका पुन्हा सीटकडे पाहू लागले. “नेमकं कुठं?”

विमलने पंक्चरची जागा दाखवायचा खडू उचलला आणि चामड्यावर नाकापासून मागे एक वीतभर लांब, दोन बोटं रुंद अशी आखणी केली. “इथं. इथं टोचतं. सगळ्यांनाच. कोणी बोलत नाही, एवढंच.”

रस्त्यावरून दोघे-तिघे जण बघत होते. काकांनी त्या पांढऱ्या रेघेवरून नजर हलवली नाही.

“आमची बायको, भागू,” ते म्हणाले, “बारा वर्षं सायकलवर मखमलाबादच्या शाळेत गेली. शिकवायला. ती वर टांगलेली तिचीच. रोज घरी आली की आधी पाच मिनिटं भिंतीला धरून उभी राहायची. मला वाटायचं, दमली असंल.”

“विचारलं नाहीत कधी?”

“ती असेपर्यंत नाही विचारलं.” त्यांनी चामडं कापायची रापी हातात घेतली. “धरा घट्ट.”

तिसऱ्या रविवारी सकाळी धरणाचं पाणी सुरीसारखं थंड होतं. विमल बाहेर आली, केस झटकले, सायकलवर चढली. सलवार तिने उलटी घातली होती, शिवण बाहेरच्या बाजूला यावी म्हणून. काठावरचे लोक हसले. हसू देत. हाडं चामड्यावर बसली, घट्ट, खुर्चीवर बसावं तशी, आणि मधली जागा खरंच मोकळी होती.

सातपूरपर्यंत तिला भीती वाटत होती. पुढे महिरावणीचा चढ लागला. मांड्या भरून आल्या, छाती धपापू लागली. पण ते कष्टाचं दुखणं होतं, ते तिला ओळखीचं होतं. बाळंतपणाच्या खोलीत अठरा-अठरा तास उभं राहून येणारं. त्याची तिला लाज नव्हती.

अंजनेरी फाट्यावर टेंपो पुढे जाऊन उभा राहिला होता. गेल्या वर्षी जिथे होता तिथेच, आणि मागची फळी तशीच खाली पाडलेली. भानोसे सर खाली उतरून, हातात थर्मास घेऊन उभे होते.

“सिस्टर, थांबायचं असेल तर...”

“फळी लावून घ्या, सर,” ती वळण घेता घेता ओरडली. “रस्त्यात माणसं आहेत, लागेल कुणाला!”

परत धरणावर पोहोचली तेव्हा ऊन डोक्यावर यायचं होतं. भानोसे सर म्हणाले, “पुरे. मान्य आहे.” विमलने सायकल झाडाला टेकवली, चपला काढल्या, कॅनव्हासचे बूट चढवले आणि पळायला लागली.

“अहो, पळायचं ठरलं नव्हतं!”

“शर्यतीत आहे ना?”

टेंपो दहा किलोमीटर तिच्यामागून रिकामा चालत राहिला.

त्याच दुपारी ऑफिसात तिने तो कागद मागितला. ‘पायात गोळे’ या शब्दांवर आडवी रेघ मारली आणि खाली लिहिलं, ‘सीट टोचत होती. सीट बदलली.’ सही केली, तारीख घातली. “फायलीत लावा,” म्हणाली, “पुढच्यांना उपयोग होईल.” मग भानोसे सरांनी पुढे केलेल्या खुर्चीत ती बसली आणि चहा प्यायली.

सोमवारी दवाखान्यात जाताना सुतळी द्यायला ती दुकानापाशी थांबली. त्या पाच जणींच्या सीटा शोधताना काकांना ती नमुना म्हणून लागणार होती. काका आत स्टोव्ह पेटवत होते. आढ्याचा हूक रिकामा होता. हिरवी लेडीज सायकल खाली जमिनीवर स्टँडला लावली होती, चाकांत हवा भरलेली, तेलपाणी केलेली. तिच्या सीटवर मधोमध खडूची रेघ होती. दोनदा पुसून पुन्हा काढलेली, अंदाजाने.

कापलेलं मात्र नव्हतं.

विमलने सुतळी खिळ्याला अडकवली आणि हाक न मारता आपल्या सायकलच्या पायडलवर पाय ठेवला.