न उघडलेल्या खोक्याचं परीक्षण

ठकी घरूनच एका वेबसाइटला नव्या वस्तूंच्या बातम्या पुरवायची. सोमवारी नवा फोन, मंगळवारी त्याच फोनचा नवा रंग, बुधवारी तो रंग हाताला लागतो म्हणून बोंबाबोंब. गुरुवारी कुरियरवाला हेडफोनचं खोकं देऊन गेला. संपादकाला परीक्षण संध्याकाळपर्यंत हवं होतं.

आणि ठकीला खोकं न उघडताच परीक्षण लिहायची खोड लागली होती. कंपनीचं पत्रक समोर ठेवायचं, अंदाजाने दोन उणिवा काढायच्या, वर एखादं घरगुती वाक्य भुरभुरायचं. वाचणारे खूष.

"बोल की गं, ठके," खिडकीशी उशांच्या खोळी शिवत बसलेली आत्या म्हणाली. "तोंडात गुळणी धरलीस का?"

"काम करतेय, आत्या."

"कसलं काम? खोक्याला तर हातही लावला नाहीस. नवरा न बघताच नाक मुरडणारी नवरी तू."

ठकी हसली. आई गेली तेव्हा ती पाळण्यात होती. तेव्हापासून तिला निजवलं, उठवलं, रागावलं ते या एकाच घोगऱ्या आवाजानं. हसता हसताच वाक्य सुचलं: 'हे कानांवर चढवा, आणि शेजारी बसलेल्या आत्याचा शब्दही तुम्हाला ऐकू येणार नाही.' परीक्षण गेलं.

शुक्रवारी सकाळी आत्या दारात उभी राहून नुसतेच ओठ हलवत होती. ठकीला वाटलं, थट्टा चाललीय. नळ वाजत होता, आत्याच्या चपला फटफटत होत्या, पण तिच्या ओठांपाशी काहीच नव्हतं.

"मोठ्यानं बोल ना."

आत्याच्या मानेच्या शिरा ताणल्या. तेवढ्यात शेजारणीनं दार ठोठावलं. "काय झालं गं? तुझी आत्या केव्हाची घसा फोडून हाका मारतेय."

ठकीनं टेबलावरचं खोकं उचललं. त्याचं सील जसंच्या तसं होतं. तिनं संपादकाला फोन लावला.

"ते आत्याचं वाक्य काढून टाका."

"वेड लागलं का? मथळाच केलाय त्याचा. एकानं तर खाली लिहिलंय, हेडफोन अजून घेतलाही नाही, पण सकाळपासून बायको नुसते ओठ हलवतेय." तो खदखदून हसला.

ठकीनं हातातलं खोकं खाली ठेवलं. "काढा. मी थाप मारलीय. खोकं उघडलंच नव्हतं."

पलीकडे हसणं थांबलं. "मग आमच्याकडे पुन्हा लिहायचं नाही."

"नाही लिहिणार."

वाक्य वेबसाइटवरून उतरलं. पण शनिवार मुका गेला. जिन्यातली पावलं, पंख्याची कुरकुर, दूरच्या कुत्र्याचं भुंकणं, सगळं जग बोलत होतं. एक आत्या तेवढी काचेपलीकडे गेल्यासारखी.

रविवारी दुपारी आत्या बोलत होती आणि ठकी कळत असल्यासारखे हुंकार भरत होती. भरता भरता तिची तिलाच लाज वाटली. उठून ती आत्याच्या पायांशी बसली आणि तिच्या गळ्यावर हलकेच हात ठेवला. ऊबदार, सैल कातडी, तिच्याखाली थरथर. कुणी दूर विहिरीत बोलावं तशी.

"तहान लागलीय?"

आत्यानं नकारार्थी मान हलवली.

"थंडी वाजतेय?"

तेही नाही. थरथर तुटक तुटक आली, पोट हललं. आत्या हसत होती.

"मला खरंच नाही ऐकू येत, आत्या," ठकी म्हणाली. "पुन्हा सांग. सावकाश सांग."

आत्यानं तिची बोटं आपल्या हातानं गळ्यावर नीट दाबून धरली, आणि पहिल्यापासून सांगायला लागली.